पट्टीवरची रेषा काय सांगते?

पिण्याच्या पाण्यात आर्सेनिक विरघळलेले असले, तरी त्या पाण्याला वेगळा रंग येत नाही, वास येत नाही आणि त्याची चवही बदलत नाही. रक्ताच्या थेंबात हिवतापाचे परजीवी असोत वा नसोत, साध्या डोळ्याला तो थेंब सारखाच तांबडा दिसतो. मधुमेही माणसाची व निरोगी माणसाची लघवी दोन बाटल्यांत शेजारी शेजारी ठेवली, तर केवळ पाहून त्यांतील फरक सांगता येत नाही. द्रवात काय विरघळले आहे हे कळण्यासाठी त्या द्रवाला प्रश्न विचारावा लागतो, आणि उत्तर डोळ्यांना दिसेल अशा रूपात मिळावे अशी व्यवस्था करावी लागते. ही व्यवस्था अंगी असलेले सर्वांत साधे साधन म्हणजे बोटभर लांबीची चाचणी-पट्टी.

खेड्यातील आशा कार्यकर्तीच्या पिशवीत, दूध संकलन केंद्रात, रुग्णालयात आणि घरोघरच्या औषधांच्या डब्यात आज ही पट्टी आढळते. तिला वीज लागत नाही, सूक्ष्मदर्शक लागत नाही आणि निकालासाठी बहुधा पाऊण तासही थांबावे लागत नाही. परंतु साधन जितके सोपे, तितका त्याच्या निकालावर डोळे झाकून विश्वास ठेवण्याचा मोह मोठा. पट्टी आपल्याला मूळ पदार्थ कधीच दाखवीत नाही. त्या पदार्थाने घडविलेला एखादा परिणाम तेवढा दाखविते. परिणाम आणि पदार्थ यांच्यामध्ये जे अंतर राहते, त्यातच चुकांना जागा मिळते. म्हणून पट्टी कशी बनते हे समजून घेण्याइतकेच तिची रेषा कोणती गोष्ट सांगत नाही हे समजून घेणे महत्त्वाचे आहे.

हळद, चुना आणि जास्वंद

रंग बदलून साक्ष देणारे पदार्थ आपल्या नित्य परिचयाचे आहेत. कपड्यावर पडलेल्या हळदीच्या डागाला साबण लावला की तो डाग तांबूस होतो. साबणातील क्षारामुळे हळदीतील पिवळ्या रंगद्रव्याच्या रेणूची रचना बदलते आणि त्याबरोबर त्याचा रंगही बदलतो. हळदीवर चुन्यासारख्या क्षाराची क्रिया करून कुंकू तयार करण्याची जुनी पद्धत याच गुणावर आधारलेली आहे. जास्वंदीच्या फुलाचा अर्क अम्लात गुलाबी-तांबडा, तर क्षारात हिरवट होतो. रॉबर्ट बॉइल या इंग्रज शास्त्रज्ञाने १६६४ साली प्रसिद्ध केलेल्या रंगविषयक ग्रंथात व्हायोलेट फुलांच्या पाकाचे असेच वर्णन केले आहे, आणि या रंगबदलाचा उपयोग अम्ल व क्षार ओळखण्यासाठी करता येईल हे दाखविले आहे. शाळेच्या प्रयोगशाळेतील लिटमसचा कागद दगडफुलांच्या जातीतील वनस्पतींपासून काढलेल्या रंगाने तयार होतो. दर्शक द्रव्य कागदात मुरवून वाळवावे आणि हवे तेव्हा द्रवात बुडवावे, ही पट्टीची मूळ कल्पना या कागदात पूर्णपणे आलेली आहे.

मात्र लिटमसची साक्ष फार ढोबळ असते. द्रव अम्लधर्मी आहे एवढेच तो सांगतो. ते अम्ल लिंबाचे की गंधकाचे, हे त्याला सांगता येत नाही. यापुढचा सारा इतिहास म्हणजे हा प्रश्न अधिकाधिक नेमका करीत जाण्याचा इतिहास आहे.

लघवीतील साखर

मधुमेहात लघवी गोड होते हे भारतीय वैद्यांना फार प्राचीन काळापासून माहीत होते. रोग्याच्या लघवीला मुंग्या लागतात ही खूण आयुर्वेदाच्या संहितांत नोंदलेली आहे. एका अर्थी मुंगी हेच साखर ओळखण्याचे पहिले साधन होय. १७७६ साली मॅथ्यू डॉबसन या इंग्रज वैद्याने मधुमेही रुग्णाची लघवी आटवून दाखविली, तेव्हा तळाशी साखरेसारखा गोड पदार्थ उरला.

एकोणिसाव्या शतकात फेलिंग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बेनेडिक्ट या अमेरिकन शास्त्रज्ञाने, मोरचुदावर आधारलेली विक्रियाद्रव्ये तयार केली. बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणात लघवीचे आठ थेंब टाकून ते उकळले, की साखरेच्या प्रमाणानुसार हिरवा, पिवळा, नारिंगी किंवा विटकरी रंगाचा साका बनतो. भारतातील दवाखान्यांत ही परीक्षा कित्येक दशके चालत आली. १९४१ साली अमेरिकेतील माइल्स या कंपनीने हीच रासायनिक क्रिया गोळीच्या रूपात आणली. त्या गोळीतील कॉस्टिक सोडा व सायट्रिक अम्ल पाण्याशी संयोग पावताच एवढी उष्णता निर्माण होई की मिश्रण आपोआप उकळे. त्यामुळे दिव्याची गरज उरली नाही.

परंतु मोरचुदाच्या परीक्षेत एक मूलभूत उणीव होती. ती ग्लुकोजची परीक्षा नव्हती. तांब्याच्या क्षारातून ऑक्सिजन हिरावून घेऊ शकणाऱ्या कोणत्याही पदार्थाची होती. अंगावर दूध पाजणाऱ्या स्त्रीच्या लघवीत दुधातील शर्करा, म्हणजे लॅक्टोज, उतरू शकते. तिच्यामुळेही द्रावणाचा रंग बदलतो. क जीवनसत्त्व मोठ्या प्रमाणात घेणाऱ्या माणसाच्या बाबतीतही तेच घडते. अशा व्यक्तीला नसलेल्या मधुमेहाचे पथ्य लावले जाण्याचा धोका होता.

या अडचणीवरचा उपाय माइल्स कंपनीच्याच हेलन फ्री व आल्फ्रेड फ्री या दांपत्याने शोधला. १९५६ साली बाजारात आलेल्या त्यांच्या पट्टीत दोन विकरे आणि एक रंगद्रव्य मुरविलेले होते. पहिले विकर, ग्लुकोज ऑक्सिडेज, असंख्य शर्करांतून जवळजवळ केवळ ग्लुकोजच निवडते आणि त्याच्यावरील क्रियेतून हायड्रोजन पेरॉक्साइड निर्माण करते. दुसरे विकर, पेरॉक्सिडेज, त्या पेरॉक्साइडच्या साहाय्याने रंगद्रव्याचा रंग पालटविते. लघवीत पट्टी बुडवायची आणि काही सेकंदांनी तिचा रंग डबीवरील रंगांशी ताडून पाहायचा, एवढेच काम उरले.

नवी पट्टी अधिक नेमकी होती, पण निर्दोष नव्हती. क जीवनसत्त्व येथेही आडवे येते, मात्र उलट दिशेने. ते हायड्रोजन पेरॉक्साइड मधल्यामध्ये खर्च करून टाकते, आणि ग्लुकोज असूनही रंग उमटत नाही. एकच पदार्थ जुन्या परीक्षेत नसलेली साखर दाखवी व नव्या परीक्षेत असलेली साखर लपवी. यावरून एक सामान्य नियम लक्षात येतो. चाचणीची पद्धत बदलली की चुका नाहीशा होत नाहीत. चुकांचे स्वरूप बदलते. याखेरीज, रक्तातील ग्लुकोज दर १०० मिलिलिटरमागे सुमारे १८० मिलिग्रॅमपर्यंत चढल्याशिवाय ते सामान्यतः लघवीत उतरतच नाही. लघवीची पट्टी कोरी राहिली म्हणून मधुमेह नाही, असा निष्कर्ष त्यामुळे काढता येत नाही. निदानासाठी आज रक्ताचीच तपासणी केली जाते ती यासाठी.

प्रतिपिंडांची ओळखशक्ती

ग्लुकोजला ओळखणारे विकर निसर्गात तयार सापडले. पण संप्रेरके, जंतूंची प्रथिने, औषधांचे अंश अशा हजारो पदार्थांसाठी विकरे कोठून आणावयाची? या प्रश्नाचे उत्तर प्राण्यांच्या रोगप्रतिकार यंत्रणेत मिळाले. शरीरात परका पदार्थ शिरला, की त्याच्या आकाराला नेमकी बसणारी प्रतिपिंडे शरीर तयार करते. ज्या पदार्थामुळे ती तयार होतात त्याला प्रतिजन म्हणतात. १९५९-६० च्या सुमारास रोझलिन यॅलो व सॉलोमन बर्सन यांनी प्रतिपिंडांचा उपयोग करून रक्तातील इन्शुलिनसारख्या अत्यल्प द्रव्याचे मापन करून दाखविले. बर्सन १९७२ मध्ये निवर्तले. यॅलो यांना १९७७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. १९७५ साली केलर व मिलस्टाइन यांनी एकाच प्रकारची प्रतिपिंडे हव्या तितक्या प्रमाणात तयार करण्याची कृती शोधली. तिने पट्टीच्या कारखानदारीचा मार्ग मोकळा केला.

गर्भधारणेच्या चाचणीचा प्रवास या दृष्टीने उद्‌बोधक आहे. १९२० च्या दशकाच्या अखेरीस ही चाचणी करण्यासाठी स्त्रीची लघवी उंदराच्या मादीला टोचीत व काही दिवसांनी ती मादी मारून तिचे बीजकोश तपाशीत. १९६० साली स्वीडनमधील संशोधकांनी प्राण्याऐवजी प्रतिपिंडे वापरून परीक्षानळीत ही चाचणी केली. तरीही तिच्यात घोटाळा होई; कारण गर्भधारणेचे संप्रेरक आणि शरीरातील इतर काही संप्रेरके यांच्या रेणूंचा एक भाग एकसारखाच असतो. त्या रेणूच्या केवळ वेगळ्या असलेल्या भागाला ओळखणारी प्रतिपिंडे मिळाल्यावर हा घोटाळा मिटला. १९८८ साली इंग्लंडमध्ये एका टप्प्यात निकाल देणारी पट्टी घरगुती वापरासाठी आली. भारतात पुढे शासनाने ‘निश्चय’ या नावाने अशाच पट्ट्या आशा कार्यकर्त्यांमार्फत गावोगावी पोहोचविल्या.

पट्टीच्या आत

या पट्टीचे प्लॅस्टिकचे आवरण काढले, तर एकापुढे एक जोडलेले चार भाग दिसतात. पहिला भाग नमुना शोषून घेणाऱ्या गादीचा. दुसऱ्या गादीत रंगीत कण चिकटविलेली प्रतिपिंडे वाळवून ठेवलेली असतात. तिसरा भाग नायट्रोसेल्युलोजच्या सच्छिद्र पटलाचा. त्यावर दोन अदृश्य रेषा आखलेल्या असतात. शेवटी उरलेला द्रव ओढून घेणारी जाड गादी असते. दिव्याच्या वातीत तेल चढते त्याच केशाकर्षणाने द्रव एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकतो.

रंगीत कण बहुधा सोन्याचे असतात. सोन्याचे कण मिलिमीटरच्या सुमारे पंचवीस हजाराव्या भागाइतके लहान केले, की ते पिवळे न दिसता माणकासारखे तांबडे दिसतात. मायकेल फॅरडे यांनी १८५७ साली या तांबड्या सोन्याचा अभ्यास केला होता. नमुन्यात शोधावयाचा पदार्थ असेल, तर वाटेत सोन्याची प्रतिपिंडे त्याला पकडतात. पुढे चाचणी-रेषेवर पक्की बसविलेली दुसरी प्रतिपिंडे त्याच पदार्थाची दुसरी बाजू पकडतात. पदार्थ दोहोंच्या मध्ये अडकतो, सोन्याचे कण रेषेवर साठतात आणि तांबडी रेघ उमटते. पदार्थ नसेल तर कण न थांबता पुढे जातात.

काही पदार्थांचे रेणू मात्र इतके लहान असतात की त्यांना दोन बाजूंनी पकडता येत नाही. दुधात उतरलेले प्रतिजैविक औषध हे त्याचे उदाहरण. अशा वेळी रेषेवर तोच पदार्थ आधीच बसवितात. नमुन्यात औषध नसेल तर रंगीत प्रतिपिंडे मोकळी राहून रेषेवर चिकटतात व रेघ उमटते. औषध असेल तर ती वाटेतच गुंतून पडतात व रेघ उमटत नाही. म्हणजे या प्रकारच्या पट्टीत रेघ उमटणे ही निर्दोषतेची खूण असते. पट्टीसोबतचे माहितीपत्रक न वाचता निकाल लावणारा माणूस येथे नेमका उलटा निष्कर्ष काढील.

प्रत्येक पट्टी प्रतिपिंडांवरच चालते असे नाही. १९८२ साली के. एस. मंजा व त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी पिण्याच्या पाण्यात मैला मिसळला आहे की नाही हे ओळखण्याची एक सोपी चाचणी प्रसिद्ध केली. पोषक द्रव्ये, थायोसल्फेट व लोहाचा क्षार यांत भिजवून वाळविलेला कागद बाटलीत ठेवून तीत पाणी भरावयाचे आणि ती बाटली रात्रभर उबदार जागी ठेवावयाची. मैल्यातील जंतूंबरोबर असणारे जीवाणू हायड्रोजन सल्फाइड वायू निर्माण करतात आणि लोहाशी त्याचा संयोग होऊन पाणी काळे पडते. येथेही तोच सावधगिरीचा नियम लागू पडतो. जमिनीतील पाण्यात मुळातच सल्फाइड असेल, तर जंतू नसतानाही काळा रंग येऊ शकतो.

नियंत्रक रेषेची मर्यादा

सराफ सोन्याची पारख करताना कसोटीच्या दगडावर गिऱ्हाइकाच्या सोन्याची रेघ ओढतो आणि शेजारी ज्याचा कस ठाऊक आहे अशा सोन्याचीही ओढतो. पट्टीवरची दुसरी, म्हणजे नियंत्रक, रेषा याच स्वरूपाची आहे. नमुन्यात काहीही असो, ती उमटलीच पाहिजे. उमटली नाही तर पट्टी टाकून द्यावी व चाचणी नव्याने करावी.

पण ही रेषा नेमकी कशाची ग्वाही देते? द्रव शेवटपर्यंत सरकला आणि रंगीत प्रतिपिंडे त्याच्याबरोबर पोहोचली, एवढ्याचीच. नमुना योग्य ठिकाणाहून व पुरेसा घेतला होता काय, याची ग्वाही ती देत नाही. नाकातून नमुना घेताना काडी नीट फिरविली नसली, तरी नियंत्रक रेषा ठळकपणे उमटते. उन्हात तापलेल्या गोदामात चाचणी-रेषेवरील प्रतिपिंडे निकामी झाली असली, तरीही ती उमटू शकते. म्हणून पाकिटावरील तापमान व मुदत पाहणे, पाकीट आयत्या वेळी फोडणे आणि सांगितलेल्या वेळेतच निकाल वाचणे हे नियम क्षुल्लक मानू नयेत. वेळ उलटून गेल्यावर सुकणाऱ्या द्रवामुळे जी फिकट रेघ दिसते, ती निकाल नव्हे.

हिवतापाच्या पट्टीने आणखी एक गोष्ट शिकविली. घातक हिवतापाच्या परजीवीचे एक विशिष्ट प्रथिन अनेक पट्ट्यांत शोधले जाते. औषधाने रोगी बरा झाल्यावरही ते प्रथिन कित्येक आठवडे रक्तात राहते. म्हणजे रेघ दिसते, पण रोग उरलेला नसतो. उलट, २०१० साली पेरू देशातील ॲमेझॉन खोऱ्यात असे परजीवी आढळले की ज्यांच्यात हे प्रथिन बनविणारे जनुकच नव्हते. पट्टी कोरी राही आणि रोगी तापाने फणफणत असे. आफ्रिकेतील एरिट्रिया देशात असे परजीवी इतके पसरले की २०१६ साली तेथे चाचणीचा प्रकारच बदलावा लागला. पट्टी तीच असली, तरी जिचा शोध घ्यावयाचा ती जीवसृष्टी बदलत असते.

आकड्यांचा विचार

चाचणीची गुणवत्ता दोन आकड्यांनी सांगतात. रोग असलेल्या शंभरांपैकी किती जणांना ती ओळखते, ही तिची संवेदनशीलता. रोग नसलेल्या शंभरांपैकी किती जणांना ती निर्दोष ठरविते, ही तिची विशिष्टता. उदाहरणादाखल एका चाचणीची संवेदनशीलता ९० टक्के व विशिष्टता ९८ टक्के आहे असे मानू. हे आकडे ऐकावयास उत्तम वाटतात.

आता दहा हजार लोकांची एक वस्ती घेऊ, जिच्यात साथीमुळे २,००० लोक रोगी आहेत. चाचणी त्यांपैकी १,८०० जणांना ओळखील. निरोगी ८,००० लोकांपैकी दोन टक्के, म्हणजे १६० जणांच्या पट्टीवर चुकीची रेघ उमटेल. रेघ उमटलेल्या १,९६० जणांपैकी सुमारे ९२ टक्के खरोखर रोगी असतील. दुसरी वस्ती अशी घेऊ, की जेथे दहा हजारांत केवळ ५० रोगी आहेत. तेथे ४५ रोगी सापडतील, पण निरोगी ९,९५० लोकांपैकी १९९ जणांवर चुकीचा शिक्का बसेल. रेघ उमटलेल्या २४४ जणांपैकी खरे रोगी जेमतेम १८ टक्के! पट्टी तीच, हात तोच, कौशल्यही तेच. तरीही एका ठिकाणी रेघ विश्वासार्ह आणि दुसऱ्या ठिकाणी बहुतेक वेळा फसवी. चाचणी कोणाची केली जात आहे, यावर रेघेचा अर्थ अवलंबून असतो.

कोविडच्या साथीत हा विचार प्रत्यक्ष धोरणात उतरला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने एप्रिल २०२० मध्ये काही आयात केलेल्या प्रतिपिंड-चाचण्यांचे निकाल विसंगत आढळल्यामुळे त्यांचा वापर थांबविण्यास राज्यांना सांगितले. त्याच वर्षी जूनमध्ये प्रतिजन-पट्टीला मान्यता देताना परिषदेने असा दंडक घातला की रेघ उमटली तर रोग आहे असे मानावे. परंतु लक्षणे असलेल्या माणसाची पट्टी कोरी राहिली, तर प्रयोगशाळेत आरटी-पीसीआर तपासणी करावी. मे २०२१ मध्ये पुण्याच्या एका कंपनीच्या पट्टीला घरी वापरण्याची परवानगी मिळाली, तेव्हाही हा दंडक कायम राहिला. ‘होय’ आणि ‘नाही’ या दोन उत्तरांना सारखे वजन द्यावयाचे नाही, हे त्यातील मर्म.

क्षयरोगाच्या चाचणीचा धडा

असा दंडक नसला तर काय घडते, याचे उदाहरण आपल्याच देशात घडले. क्षयरोगासाठी रक्तातील प्रतिपिंडे शोधणाऱ्या चाचण्या भारतात अनेक वर्षे मोठ्या प्रमाणावर विकल्या जात होत्या. त्या झटपट होत, आणि थुंकीच्या नमुन्यापेक्षा रक्त देणे रोग्यालाही सोयीचे वाटे. पण त्यांचा पायाच कच्चा होता. आपल्याकडे असंख्य लोकांच्या शरीरात क्षयाचे जंतू सुप्तावस्थेत असतात. त्यांना रोग नसतो, तरी प्रतिपिंडे असू शकतात. दुसरीकडे, ज्यांची प्रतिकारशक्ती खालावली आहे अशा खऱ्या रोग्यांत प्रतिपिंडे पुरेशी तयारच होत नाहीत. परिणामी निरोगी माणसावर महिनोन्‌महिने कडक औषधांचा भार पडे, तर रोगी माणूस ‘तुला काही नाही’ हे उत्तर घेऊन घरी जाई आणि घरातल्यांना रोग देत राही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली या चाचण्या वापरू नयेत अशी स्पष्ट शिफारस केली, आणि भारत सरकारने २०१२ मध्ये त्यांची आयात, निर्मिती व विक्री यांवर बंदी घातली. त्यांची जागा थुंकीतील जंतूंचा थेट शोध घेणाऱ्या पद्धतींनी घेतली. गोव्यातील एका कंपनीची ट्रूनॅट ही अशीच एक पद्धत असून, २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेने तिला मान्यता दिली. या प्रकरणात रसायनशास्त्र चुकले नव्हते. पट्टीने प्रतिपिंडे शोधली, आणि ती तेथे खरोखरच होती. चूक प्रश्नात होती. ‘प्रतिपिंडे आहेत काय?’ या प्रश्नाचे उत्तर ‘रोग आहे काय?’ या प्रश्नाचे उत्तर म्हणून स्वीकारले गेले.

तेव्हा पट्टी हातात घेताना तीन प्रश्न स्वतःला विचारणे हिताचे आहे. ही पट्टी नेमक्या कोणत्या पदार्थाचा शोध घेते? तो पदार्थ असूनही रेघ न उमटण्याची, किंवा नसतानाही उमटण्याची, कोणती कारणे संभवतात? आणि जिची चाचणी होत आहे त्या व्यक्तीला तो रोग असण्याचा संभव मुळात किती? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे पट्टीवर मिळत नाहीत. ती लक्षणांत, परिस्थितीत आणि वैद्याच्या विचारात शोधावी लागतात. जेथे प्रयोगशाळा पोहोचत नाही तेथे पट्टी पोहोचते, आणि तिच्यामुळे असंख्य लोकांना वेळेवर उपचार मिळाले आहेत. तिची रेघ ही एक साक्ष आहे. साक्ष ऐकून, इतर पुराव्यांशी ताडून निवाडा करण्याचे काम मात्र माणसालाच करावे लागते.